हस्त कोरडा गेला

इंग्रजी अमदानीतील मध्यप्रांतात गावचा कोतवाल हाच जन्ममृत्यूचा पहिला साक्षीदार असे. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी तो ठाण्यावर जाई, गावात कोण जन्मले आणि कोण गेले हे तोंडी सांगे, आणि ठाण्यावरचा मोहरीर ते वहीत उतरून घेई. मृत्यूच्या कारणांसाठी त्या वहीत ठराविक रकाने आखलेले असत : पटकी, देवी, ताप, अतिसार व हगवण, अपघात, आणि उरलेल्या साऱ्यांसाठी ‘इतर’. उपासमारीसाठी रकाना नव्हता. १८९७ आणि १९०० या दोन सालांत वैनगंगेच्या खोऱ्यात जी माणसे गेली त्यांतील पुष्कळांची नोंद तापाच्या रकान्यात झाली, आणि ती नोंद खोटी होती असेही म्हणता येत नाही. कारण महिनोन्‌महिने अर्धपोटी राहिलेल्या देहाला अखेर ताप येतोच, आणि माणूस त्या तापानेच जातो. मात्र त्या तापामागे कोणते शेत, कोणता पाऊस, कोणते कर्जखत आणि कोणता हुकूम उभा होता, हे लिहिण्याची सोय त्या वहीत नव्हती. ते शक्य तितके सांगावे एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

आजचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. ज्या काळाविषयी आपण बोलत आहोत त्या काळी भंडारा जिल्ह्यात भंडारा, तिरोडा आणि साकोली अशा तीनच तहसिली होत्या, आणि आजच्या गोंदियाचा बहुतेक मुलूख तिरोडा व साकोली यांत, तसेच कामठा, आमगाव, सालेकसा, देवरी यांसारख्या लहानमोठ्या जमीनदाऱ्यांत वाटलेला होता. उत्तरेला वाघ नदी, पश्चिमेला वैनगंगा, दक्षिणेकडे चुलबंद आणि गाढवी, आणि पूर्वेला छत्तीसगडापर्यंत पसरलेले साग, बांबू, मोह आणि तेंदूचे रान; या सगळ्याला मिळून लोक पूर्वापार ‘झाडी’ म्हणत आले. महाराष्ट्रात दुष्काळ हा शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे नगर-सोलापूरचा उजाड माळ उभा राहतो, जेथे वर्षाकाठी वीस-पंचवीस इंच पाऊस पडला तरी देवाची कृपा मानतात. झाडीत सरासरीने पन्नास इंचांहून अधिक पाऊस पडतो. ज्या मुलखात पाण्याची अशी रेलचेल, गावागणिक तलाव आणि तलावागणिक कमळे, तेथे माणसे अन्नावाचून मरावीत ही गोष्ट प्रथमदर्शनी पटत नाही. आणि म्हणूनच तिची कारणे शांतपणे उलगडून पाहिली पाहिजेत.

पहिले कारण धानाच्या स्वभावात आहे. ज्वारी ही देशावरची काटक बाई. दोन पाऊस चुकले तरी ती तग धरते. धानाचे तसे नाही. मृगाच्या सरींवर पऱ्हे टाकायचे, आर्द्रा-पुनर्वसूत चिखल करून बांधीत रोवणा करायचा, पुष्य-आश्लेषात रोप मूळ धरते, मघा-पूर्वात फुटवे येतात, आणि उत्तरा ओलांडून हस्त लागला की भारी धान पोटरीतून निसवू लागते. येथवर सारे यथासांग झाले तरी पीक हाती आले असे कोणी शहाणा शेतकरी म्हणत नाही. निसवलेल्या लोंबीतील दाणा नखाने दाबून पाहिला तर पांढरे दूध निघते. हेच दूध पुढे पंधरा दिवसांत घट्ट होऊन तांदूळ बनते, आणि नेमक्या याच पंधरा दिवसांत बांधीत पाणी उभे असावे लागते. सप्टेंबरच्या अखेरीस आणि ऑक्टोबरच्या आरंभी येणारा हा हस्ताचा पाऊस चुकला, तर दूध आटते, लोंब्या पांढऱ्या पडून ताठ उभ्या राहतात, आणि कापणीला गेलेल्या बाईच्या हाती पोचट येते. तीन महिने कोसळलेला चाळीस इंच पाऊस त्या शेवटच्या चार इंचांची भरपाई करू शकत नाही. म्हणजे झाडीतल्या शेतकऱ्याचे सारे नशीब एका नक्षत्राच्या मुठीत होते.

हे नशीब मुकाट्याने सोसण्याऐवजी त्यावर ज्यांनी तोड काढली त्या कोहळी समाजाविषयी येथे थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. कारण या मुलखाचा इतिहास लिहिताना राजे आणि लढाया यांना जेवढी जागा मिळाली तेवढी या तलावकर्त्यांना मिळालेली नाही, याची मला नेहमी खंत वाटत आली आहे. परंपरा अशी सांगते की चांद्याच्या एका गोंड राजाने काशीयात्रेहून परतताना या लोकांना सोबत आणले आणि रान तोडून तलाव बांधणाऱ्याला जमिनीचे हक्क दिले. दंतकथेचा भाग बाजूला ठेवला तरी त्यांचे काम डोळ्यांपुढे आहे. दोन टेकड्यांमधली खाच हेरून तेथे मातीची पाळ घालायची, पाळीच्या पोटातून खालच्या बांध्यांकडे पाणी सोडण्यासाठी तुडूम ठेवायचा, आणि अतिवृष्टीत पाळ फुटू नये म्हणून एका अंगाला जादा पाणी वाहून जाण्यासाठी सलंग काढायची. कोणतेही मोजणीचे यंत्र नसताना केवळ नजरेच्या अंदाजाने काढलेल्या या पातळ्या शतकानुशतके चुकल्या नाहीत. तलावाखालच्या बांध्यांना पाळीपाळीने पाणी देण्यासाठी गावाने नेमलेला पाणकर असे. त्याचा शब्द अखेरचा असे, आणि त्याला त्याबद्दल धान्याच्या रूपाने मोबदला मिळे.

या तलावांत सर्वांत थोरला नवेगावचा. रसेल या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या जातिवर्णनाच्या ग्रंथात त्याचे क्षेत्र पाच चौरस मैल आणि परीघ सतरा मैल दिला आहे. तो कोलू पाटील कोहळी याने बांधला, आणि लोकांनी कोलूला कोलासूर देव करून तलावाकाठच्या एका शिखरावर बसवले. शेजारच्या सात शिखरांना सात बहिणी म्हणतात. दिवसभर राबून मजूर घरी परतले की रात्री या सात बहिणी येत आणि पाळीवर माती टाकून जात, अशी आख्यायिका आहे. कोलासुराच्या डोंगरावरचे काही पिवळसर पांढरे दगड म्हणजे त्यांच्या मातीच्या टोपल्या, असेही लोक सांगत. या कथेतील टोपली लक्षात ठेवावी. पुढे ती पुन्हा आपल्याला भेटणार आहे.

तलावाची शक्ती जितकी खरी तितकीच तिची मर्यादाही खरी होती. तलाव आषाढ-श्रावणाचे पाणी अश्विनासाठी राखून ठेवतो. जे पाणी आलेच नाही ते तो कोठून देणार? शिवाय तलावाचे पाणी तलावाखालच्या जमिनीलाच मिळते. उंचावरच्या बरड जमिनीत आवत्या पेरणारा गोंड, दुसऱ्याच्या बांधीत रोवणा करणारी मजूरणी, जाडेभरडे कापड विणणारा कोष्टी किंवा महार, या कोणाच्याही घरात त्या पाण्याचा थेंब जात नव्हता. तलाव भरलेला असताना काठावरचे घर उपाशी असणे शक्य होते.

दुसरे कारण शोधायला पाऊस सोडून कचेरीकडे वळावे लागते. तिसरे रघूजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये निपुत्रिक वारले, राज्य खालसा झाले, आणि १८६१ मध्ये नागपूर मुलूख नव्या मध्यप्रांतात सामील करण्यात आला. भोसल्यांच्या काळात पाटील हा वसुलीचा मक्तेदार होता. १८६० नंतरच्या दशकात झालेल्या जमाबंदीने त्याला गावाचा मालक, म्हणजे मालगुजार, करून टाकले. गावाबरोबर गावचा तलावही त्याच्या मालकीचा झाला; रयतेचे पाण्याचे आणि निस्ताराचे, म्हणजे रानातून सरपण-चारा घेण्याचे, हक्क तेवढे वाजिब-उल-अर्ज या गावच्या नोंदपत्रात चालीरीती म्हणून नोंदले गेले. मालकी आली म्हणजे गहाण ठेवण्याचा अधिकार आला, आणि गहाण ठेवण्याचा अधिकार आला म्हणजे सावकार आला. सरकारचा हप्ता रोख रुपयांत आणि ठरल्या तारखेस भरायचा असल्याने धान घरी आले की ते आधी बाजारात जाई, मग उरलेले कणगीत. ज्या वर्षी पीक बुडे त्या वर्षी हप्ता कर्जाने भरला जाई, आणि पुढच्या वर्षीचे धान शेतात उभे असतानाच दुसऱ्याचे होऊन बसे.

त्यात १८८० नंतर आगगाडी आली. नागपूरहून राजनांदगावपर्यंत सरकारने टाकलेली मीटर मापाची लाईन १८८२ च्या सुमारास सुरू झाली. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर कंपनीने ती ताब्यात घेऊन रुंद केली आणि कलकत्त्याकडे जोडली. गोंदिया हे आधी एक सामान्य खेडे. रुळांच्या कृपेने ते तांदळाची पेठ झाले. पूर्वी बैलांच्या तांड्यांवर जेवढे धान्य बाहेर जाई त्याच्या कितीतरी पटींनी आता डब्यांतून जाऊ लागले, भाव चढले, आणि चढ्या भावाने कणग्या रिकाम्या झाल्या. मागल्या पिढीतले लोक दोन-दोन वर्षांचे धान साठवून ठेवत, कारण विकायला गिऱ्हाईक नव्हते. नव्या पिढीला गिऱ्हाईक मिळाले आणि साठा गेला. मी आगगाडीला दोष देणार नाही. पुढे ब्रह्मदेशचा तांदूळही याच रुळांवरून आला, आणि तो आला नसता तर मृत्यूचा आकडा किती वाढता याची कल्पनाही करवत नाही. परंतु आगगाडी धान्य त्या ठिकाणी नेते जेथे पैसा आहे. त्यामुळे यापुढच्या दुष्काळांचे स्वरूपच पालटले. गोंदियाच्या बाजारात पोती होती. ती विकत घेण्यासाठी रोवणीची, निंदणीची आणि कापणीची जी मजुरी हातात यायची तीच आली नाही.

१८९३ पासूनची वर्षे मध्यप्रांताला वाईट गेली. आधी अतिवृष्टी आणि हिवाळ्यातला अवकाळी पाऊस, त्याने गहू-जवसावर तांबेरा. लोकांची गंगाजळी आणि पत दोन्ही आटत गेली. १८९६ चा पाऊस जून ते ऑगस्ट इतका चांगला झाला की शेतकऱ्यांना मागली वर्षे धुऊन निघाल्यासारखी वाटली. मग ऑगस्टच्या अखेरीस तो जो थांबला तो थांबलाच. उत्तरा कोरडी, हस्त कोरडा. ज्यांच्या बांध्या तलावाखाली होत्या आणि तलावात श्रावणाचे पाणी होते त्यांनी तुडूम उघडून काही धान वाचवले. बाकीच्या शिवारात पांढऱ्या लोंब्या उभ्या राहिल्या. बांधीला अशा भेगा पडल्या की त्यांत गुरांचे पाय अडकावेत.

सरकारपाशी या प्रसंगासाठी १८८० च्या दुष्काळ आयोगाने सुचवलेली आणि १८८३ मध्ये आखलेली दुष्काळसंहिता तयार होती : आधी कसोटीची कामे उघडायची, त्यांवर गर्दी झाली तर दुष्काळ जाहीर करायचा, मग मोठी कामे, अशक्तांना गावातच मदत, आणि भटक्यांसाठी दरिद्रालये. कागदावर या रचनेत फारसे वैगुण्य नव्हते. परंतु मध्यप्रांताच्या कारभाऱ्यांनी १८९६-९७ मध्ये ती उशिरा आणि हात आखडून अमलात आणली, आणि मदत अपुरी पडली ही गोष्ट सर जेम्स लायल यांच्या अध्यक्षतेखालील १८९८ च्या आयोगानेही नमूद केली. खडी फोडण्याची व रस्त्यांची कामे दूर; झाडीतला गोंड आपले गाव, आपला देव आणि आपले रान सोडून त्या छावणीत जायला राजी नसे. दरिद्रालयातील अन्न कोणी शिजवले या शंकेने अनेक जण तेथील ताटापेक्षा मोहाच्या झाडाखालची भूक पत्करत. ते जेव्हा कामावर आले तेव्हा त्यांच्यात टिकाव उचलण्याचे बळ राहिलेले नव्हते. आणि मग १८९७ चा पाऊस आला. कोणालाही वाटावे की पावसाने सुटका केली. पण दुष्काळाचा सर्वांत मोठा संहार पाऊस पडल्यानंतर होतो, हे त्या वर्षी झाडीने अनुभवले. खंगलेल्या शरीरांवर हिवतापाने आणि हगवणीने झडप घातली. प्रांताचा त्या सालचा मृत्युदर हजारी साठांवर गेला. सामान्य वर्षी तो याच्या जवळजवळ निम्मा असे.

एक बरे वर्ष गेले, आणि १८९९ उजाडले. या वेळी हस्ताची वाट पाहण्याचीही वेळ आली नाही. जुलैपासूनच आभाळ कोरडे पडले. पऱ्हे वाफ्यातच पिवळे पडले, कित्येक बांध्यांत रोवणा झालाच नाही. तलाव भरले नाहीत. कोहळ्यांनी शतकानुशतके ज्या संकटासाठी पाळी बांधल्या ते संकट वेगळे होते. हे नवे होते, आणि त्यावर तुडुमाचा इलाज चालत नव्हता. हाच तो काळ ज्याला राजपुतान्यात विक्रम संवत १९५६ वरून छप्पनिया म्हणतात. गुजरात, खानदेश, वऱ्हाड, सारे एकाच वेळी होरपळले. यातला वऱ्हाडचा भाग झाडीच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. एरवी येथले धान बुडाले की मजूर बायकापोरांसह वऱ्हाडात कापूस वेचायला जात; १८९९ मध्ये वऱ्हाडातच कापूस पिकला नव्हता. गेलेले लोक रिकाम्या हातांनी परत आले, आणि परतीच्या वाटेवर किती राहिले त्याची मोजदाद कोतवालाच्या वहीतही नाही, कारण वाटेवर मेलेला माणूस कोणत्याही गावचा नसतो.

सरकार मात्र या वेळी बदललेले होते. चीफ कमिशनर अँड्र्यू फ्रेझर यांच्या कारभाराने १८९७ ची चूक ओळखली आणि मदतीचा हात लवकर व सढळ पुढे केला. गावोगाव शिजवलेल्या अन्नाची रसोईघरे निघाली, आणि जेथे शक्य तेथे सर्वांना चालेल अशा जातीचा आचारी नेमण्यात आला. १९०० च्या उन्हाळ्याच्या अखेरीस प्रांतात वीस लाखांहून अधिक माणसे, म्हणजे दर पाच जणांमागे एक जण, सरकारी मदतीवर जगत होती. कामावरच्या मजुरीचा हिशेब पैशांत दिला जाई, पण तो पैसा धान्याच्या छटाकांवरून ठरे. भाव वाढला की मजुरी वाढे, एवढा विचार त्या संहितेत होता. स्त्री, पुरुष आणि हाती काम करण्याजोगे पोर, प्रत्येकाचे छटाक निराळे. पुरुष खणीत, बायका टोपलीने माती वाहत, आणि मुकादम संध्याकाळी खड्डा मोजून कामाचा वाटा पुरा झाला की नाही ते ठरवी. सात बहिणींनी रात्री वाहिलेली जी टोपली नवेगावच्या डोंगरावर दगड होऊन पडली आहे, तीच टोपली १९०० च्या वैशाखात हजारो बायकांच्या डोक्यावर भर उन्हात चढली. फरक इतकाच, की त्या बहिणींना छटाकांचा हिशेब द्यावा लागला नव्हता.

सढळ मदत असूनही माणसे मेली. पाणवठे आटल्याने उन्हाळ्यात पटकी पसरली, आणि पावसाबरोबर पुन्हा ताप व हगवण. तरीही प्रांताचा विचार केला तर, १८९९ ची तूट कितीतरी मोठी असून, १९०० चा मृत्युदर १८९७ इतका चढला नाही. माझ्या मते या साऱ्या इतिहासातील सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट हीच आहे. मोठ्या अवर्षणात कमी माणसे मेली आणि लहान अवर्षणात जास्त. पावसाने जेवढे मारले त्याहून वेळेवर न उघडलेल्या कामांनी मारले, हे त्याच प्रांताच्या आकड्यांवरून सिद्ध होते.

गुरांची कथा निराळी नव्हती. धान नाही म्हणजे तणस नाही. राखीव रान चरायला खुले झाले तरी चिखलणीचे हेले आणि बैल ठिकठिकाणी पडले. १९०० चा मृग बरसला तेव्हा पाणी होते, जमीन होती, परंतु नांगराला जुंपायला जोडी नव्हती आणि टाकायला बी नव्हते. तगाई वाटली गेली, लोकवर्गणीच्या निधीतून बियाणे व बैलांसाठी पैसे देण्यात आले, आणि त्या बळावर काही बांध्या पिकल्या.

येथे लाखोरीविषयी बोलल्यावाचून पुढे जाता येत नाही. धानाची कापणी होण्यापूर्वी उभ्या पिकातच ओल्या बांधीत टाकून द्यायचे हे कडधान्य. त्याला नांगरणी नको, खत नको, पाऊसही फारसा नको. उतेऱ्याच्या या पिकाने झाडीतल्या गरिबाची डाळ पुरवली, आणि धान बुडालेल्या वर्षी तेच त्याचे मुख्य अन्न झाले. सालदाराला मिळणाऱ्या धान्यातही लाखोरी असे. थोडी खाल्ली तर ती पोषक. परंतु इतर काहीच न मिळता महिनोन्‌महिने तीच खाल्ली तर कमरेखालचे बळ जाते. आयुर्वेदात याला कलायखंज असे नाव आहे, म्हणजे हा रोग आपल्या पूर्वजांना परिचित होता. माणूस सकाळी उठतो आणि पोटऱ्या ताठ; मग टाच टेकत नाही, गुडघे एकमेकांवर घासतात, हातात आधी एक काठी येते, नंतर दोन, आणि शेवटी तो हातांवर सरपटतो. बुद्धी, हात, वाणी सारे शाबूत राहते. मेजर अँड्र्यू ब्यूकॅनन या सरकारी वैद्याने १८९६ ते १९०२ या काळातील मध्यप्रांतातील अशा रुग्णांची पाहणी करून १९०४ मध्ये अहवाल लिहिला. दुष्काळ संपल्याचे जाहीर झाल्यावरही ही माणसे काठ्या टेकत पुढली तीस-चाळीस वर्षे जगली. त्यांच्यापैकी बहुतेक ऐन उमेदीतले पुरुष होते, कारण अधिक राबणाऱ्याच्या वाट्याला अधिक लाखोरी येत असे.

१ मार्च १९०१ च्या रात्री जनगणना झाली. गणकांनी आधीच घरोघर गेरूने आकडे घातले होते. कित्येक आकड्यांखाली त्या रात्री दिवा नव्हता. १८९१ मध्ये भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या ७,४२,८५० होती, ती १९०१ मध्ये ६,६३,०६२ भरली. जे मेले, जे परागंदा झाले, आणि जी मुले जन्मालाच आली नाहीत, त्या तिघांची ही एकत्रित तूट आहे. प्रांतात स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा अधिक निघाली. भुकेच्या काळात बाईचा देह अधिक तग धरतो असे अधिकाऱ्यांनी लिहून ठेवले आहे. मागे राहिलेल्या त्या बायकांनी पुढे काय केले हे लिहिण्याचे कोणाला सुचले नाही.

दुष्काळाची कारणे पावसात शोधावीत की जमाबंदीत, हा वाद याच सुमारास पेटला. रमेशचंद्र दत्त यांनी लॉर्ड कर्झनला लिहिलेल्या अनावृत पत्रांतील पहिले पत्र मध्यप्रांताविषयीच होते; नव्या जमाबंदीत वाढलेला सारा हे रयतेच्या दुर्बलतेचे मूळ आहे, असा त्यांचा आरोप होता. १९०२ च्या जानेवारीत सरकारने विस्तृत ठराव काढून तो नाकारला. दोन्ही बाजूंचे कागद वाचल्यावर मला असे वाटते की सारा हे एकमेव कारण नव्हते. परंतु जो हप्ता सुकाळात ओझे वाटत नाही तोच तीन वाईट वर्षांनंतर घराची कौले उतरवतो, आणि तहकुबी मिळेपर्यंत सावकाराचे दार ठोठावून झालेले असते.

परिणाम लांबवर पसरले. मालगुजाऱ्या आणि कुळांच्या जमिनी हळूहळू कर्जदात्यांकडे गेल्या. भूमिहीन झालेले हात नागपूरच्या गिरण्यांत, आसामच्या चहामळ्यांत, आणि पुढे गोंदियात तेंदूपानांवर उभ्या राहिलेल्या विडीच्या धंद्यात गेले. गोंदियाहून बालाघाट, नैनपूरमार्गे जबलपूरकडे, आणि नंतर नागभीडमार्गे चांद्याकडे अरुंद रुळांच्या गाड्या निघाल्या. सर कॉलिन स्कॉट-मॉन्क्रीफ यांच्या पाटबंधारे आयोगाने १९०१ ते १९०३ या काळात देशभर हिंडून केलेल्या शिफारशींनंतर मध्यप्रांत सरकारने प्रथमच पाटबंधाऱ्यांकडे लक्ष दिले, आणि बोदलकसा, चोरखमारा यांसारखे मोठे तलाव तिरोड्याच्या बाजूला बांधले गेले. जे काम कोहळ्यांनी राजाच्या सनदेवर केले ते सरकारने इतक्या बळींनंतर हाती घेतले. १९१८ मध्ये पाऊस पुन्हा चुकला आणि त्याच वर्षी इन्फ्लुएन्झाची साथ आली. त्या वेळच्या दुःखाचा लेख स्वतंत्रपणे व्हावा इतका तो विषय मोठा आहे.

१९५१ मध्ये मालगुजारी नष्ट झाली आणि तलाव सरकारजमा झाले. पूर्व विदर्भात असे सुमारे सात हजार तलाव आहेत. कागदोपत्री ते माजी मालगुजारी तलाव, आणि लोकांच्या तोंडी मामा तलाव. रयतेला सरंजामी मालकीतून सोडवणारा हा कायदा न्याय्य होता याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण मालगुजार गेला तसा पाणकराला मोबदला देण्याचा आणि दर उन्हाळ्यात गाळ काढण्याचा शिरस्ताही गेला, लहान तलाव जिल्हा परिषदेकडे व मोठे पाटबंधारे खात्याकडे वाटले गेले, आणि पाळीवर झुडपे उगवली. नंतर इटियाडोहसारखी मोठी धरणे झाली, स्वस्त धान्याची दुकाने आली, रोजगार हमी आली. ताप म्हणून लिहिले जाणारे ते मृत्यू थांबले. धान मात्र अजूनही हस्तातच निसवते.

मागे एका हस्तात अर्जुनी-मोरगावकडच्या एका लहान तलावाच्या पाळीवर मी गेलो होतो. पंधरा दिवस पाऊस नव्हता. तुडूम आदल्या रात्री उघडला होता आणि पाणी धुऱ्याधुऱ्याने खाली उतरत होते. शेवटच्या बांधीच्या धुऱ्यावर एक म्हातारे गृहस्थ कुदळ आडवी ठेवून बसले होते. रात्रभर ते तेथेच होते. पाणी पुरेल का, असे मी विचारले. ते म्हणाले, “पुरते जी. अजून दोन बांध्या आहेत मधी.” मग ते उठले, एक लोंबी वाकवली, एक दाणा नखाने दाबला, बोटावर उमटलेला पांढरा ठिपका मला दाखवला, आणि पाण्याची वाट मोकळी करायला वरच्या बांधीकडे गेले.